सानवीच्या पोटातली मासळी

मंडळाच्या पोरांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे जाळ्यात सापडलेल्या मोठ्या घोळ माशाची गोष्ट मागितली. ती मी दर होळीला सांगतो, सगळ्यांनी ऐकली आहे, उगाच कागद कशाला काळा करायचा? मी म्हटलं, मीरा रोडचं लिहितो. पोरं हसायला लागली. "आजा, मीरा रोड म्हंजे काय लंडन हाय? आमी रोज जातो." जातात, मला माहीत आहे. मॉलमध्ये जातात, थंड हवा खातात आणि परत येतात. मी जिथे जाऊन आलो तिथे आपल्या पाड्यातला कोणी गेला असेल, तर त्याने अजून तोंड उघडलेलं नाही. म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहरबानीने. जे मला समजलं नाही ते समजलं नाही असंच लिहिलं आहे. कोणी शहाण्याने मध्ये घुसून दुरुस्त करू नये.

बोट घेऊन मी गुजरातच्या पाण्यापर्यंत जाऊन आलो आहे. पण स्वतःच्या मुलीच्या घरी कधी मुक्काम केला नव्हता. आमच्यात जुना माणूस लेकीच्या घरी जेवतो, पण तिथे पाठ टेकत नाही. नयना लग्न होऊन मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला गेली तेव्हापासून मी सकाळी जायचो, मासळी द्यायचो आणि दुपारच्या बसने उत्तनला परत यायचो. या वेळी तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता.

"बा, तू राहायलाच ये. सानवीचं पोट परत सुरू झालंय. शाळेत सोडली की दुपारच्या आत बाईंचा फोन येतो, घेऊन जा म्हणून. आमच्या दोघांच्या रजा संपल्या."

सानवी म्हणजे माझी नात. नऊ वर्षांची आहे. मी तिला चिंबोरी म्हणतो, कारण चालायला लागली तेव्हा खेकड्यासारखी आडवी चालायची.

मी म्हटलं, "राहत न्हाय मी. येतो आन् पोरीला हिकडं घेऊन येतो. दर्याची हवा लागली की पोट कुठं आन् दुखणं कुठं."

बंदरावर सगळ्यांना तसं सांगूनही टाकलं. पाड्यातल्या भगताला म्हटलं, उताऱ्याची तयारी ठेव, येताना नात बरोबर आहे. माझा शब्द आजवर खाली पडलेला नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला समजेल की माझं काय पणाला लागलं होतं. पोरीचा जीव तर होताच.

सिल्व्हर पार्क

तिथे घरात शिरायच्या आधी एक माणूस फाटकावर आपलं नाव विचारतो, कोणाकडे ते विचारतो आणि मोबाईलने आपला फोटो काढतो. मी त्याला म्हटलं, "मेरी बेटी का घर है, फोटू कायको?" तो म्हणाला, "सबका लेते है, काका." आपल्याकडे परका माणूस पाड्यात शिरला तर चार बायका त्याला त्याच्या आजोबांपर्यंत विचारतात, पण त्याचा फोटो काढत नाहीत. कुठलं जास्त अपमानाचं, मला ठरवता आलं नाही.

मी सुके बोंबील आणि सुक्या कोलंबीचे सोडे नेले होते. बोंबील जरा ओले लागले म्हणून खिडकीच्या जाळीला अडकवले. थोड्या वेळात शेजारच्या भावनाबेन दारात.

"काका, बुरा मत मानना, पण मच्छी अंदर लो ना. मेरा देवघर आ बाजू ज छे."

"बेन, बोंबील को भी धूप मंगता है."

"तो आपके दर्या पे सुखाने का ना!"

बाईने वर्मावर बोट ठेवलं होतं. मी बोंबील आत घेतले. दुसऱ्या दिवशी तिने थेपले पाठवले, तेव्हा मला कळेना की ही रागावली आहे की नाही. नयना म्हणाली, "बा, इथे दोन्ही असतं."

माझा जावई प्रशांत. लालबागच्या चाळीतून इकडे आलेला, ऑफिसात कामाला. शांत माणूस. मला बाबा म्हणतो आणि माझ्यासमोर मोठ्याने बोलत नाही. मला तो कधी समजलेला नाही.

सानवी मात्र मला बघून पळत आली. दुपारी माझ्या ताटात हात घालून सोड्याची आमटी आणि भात खाल्ला, बोंबील भाजला तर त्याचं शेपूट मागितलं. मी नयनाकडे बघितलं, म्हणजे बघ, मी आलो आणि पोर जेवली. नयना ताटं उचलायला लागली.

संध्याकाळी प्रशांत तिचं दप्तर भरत होता. उद्या शाळा. तेवढ्यात पोरीने पोट धरलं. मग श्वास जोरजोरात, जसा भात्यातून यावा. हाताची बोटं आकडल्यासारखी वाकडी झाली. ओठ पांढरे. "आजा, मला श्वास येत नाहीये," म्हणाली. मी समुद्रात बुडता माणूस बाहेर काढला आहे, पण कोरड्या जमिनीवर, पंख्याखाली, स्वतःच्या घरात बसलेलं पोर बुडताना मी पहिल्यांदा बघितलं. मी ओरडायला लागलो. काय ओरडलो ते आठवत नाही. प्रशांतने तिला उचललं आणि आम्ही रिक्षात.

मुलांच्या इमर्जन्सीत

हाटकेशच्या बाजूला मुलांचं हॉस्पिटल आहे. तिथे तातडीच्या पेशंटांचा वेगळा दरवाजा. आत भिंतींवर मासे रंगवले आहेत, पण ज्याने रंगवले त्याने मासा बाजारातसुद्धा बघितलेला नसावा. पापलेटाला दात होते.

एका सिस्टरने सानवीच्या बोटाला चिमटा लावला, श्वास मोजला, मनगटाला पिवळी पट्टी बांधली आणि थांबा म्हणाली. आमच्या मागून एक बाई पोरगं घेऊन आली, ते सरळ आत. मी उठलो.

"सिस्टर, आमी आधी आलो."

"आजोबा, इथे नंबर नसतो. ज्याला जास्त गरज तो आधी. लाल पट्टी पहिली."

"मग आमाला लाल बांधा."

प्रशांतने माझा हात धरून बसवलं. पण मी विचारतो, ही काय पद्धत? बंदरावर जी बोट आधी लागली तिचा माल आधी. कोणाचा बर्फ वितळत आला म्हणून त्याला पुढे सोडलं तर उद्या सगळेच म्हणतील आमचा बर्फ वितळला. नयना म्हणाली, "बा, ते पोर निळं पडलं होतं." ते मी बघितलं नव्हतं. मग मी गप्प बसलो, पण पटलं होतं म्हणून नाही.

डॉक्टरीण अगदी पोरगेलीशी. मला वाटलं ही शिकाऊ असेल, मोठा डॉक्टर मागून येईल. मोठा डॉक्टर आलाच नाही, तीच मोठी होती. तिने सानवीच्या पोटावर गार चिकट पाणी लावलं आणि दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र फिरवायला घेतलं. त्याची वायर सरळ एका पाटीसारख्या मोबाईलला. पडद्यावर काळंपांढरं हलायला लागलं.

आता हे मला नवीन नव्हतं. आमच्या बोटीवर माझ्या पोराने मासळी दाखवणारं मशीन बसवलं आहे. खाली आवाज सोडतं, तो आपटून वर येतो, आणि पाण्यात काय आहे ते पडद्यावर उमटतं. मी विचारलं, "बाय, हा आवाजच ना?"

"हो आजोबा, आवाजच. तुम्हाला कसं माहीत?" ती खूश झाली. म्हणाली, पूर्वी असं पोट दुखलं की मुलांना लगेच मोठ्या मशीनमध्ये घालायचे, सीटी स्कॅनला. पण त्यातली किरणं लहान मुलांना जितकी कमी लागतील तितकं बरं, असं संशोधन सांगतं. म्हणून आता आधी खाटेजवळच हे छोटं यंत्र लावतात.

मी पुढे सरकलो. काळं म्हणजे पाणी, ते मला दिसत होतं. आणि पाण्याच्या कडेला पांढरे ठिपके, एकत्र, सरकत होते. थांबले, परत सरकले. मासळीचा थवा असाच सरकतो. मी आयुष्यभर तेच बघत आलो आहे. तोंडातून निघून गेलं.

"थांब! ते बघ! आत काहीतरी हलतंय! जितं हाय ते!"

सानवी किंचाळली. यंत्र बाजूला ढकललं, उठून बसली, पोटावरचं चिकट पाणी हाताने पुसायला लागली, जणू आतलं तिला बाहेर काढायचं होतं. नयनाने तिला छातीशी धरलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तसं तिने लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरीण हळूच म्हणाली, "आजोबा, ते आतडं आहे. ते हलतंच."

"मी बघितलं ते बघितलं," मी म्हटलं.

सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "पोटात काही नाही. सूज नाही, गाठ नाही. ही चांगली बातमी आहे."

आता हे कोणीतरी मला समजावून सांगा. पोर दुखण्याने वाकडी झाली, आणि काही सापडलं नाही ही चांगली बातमी? जाळं रिकामं आलं तर आम्ही पेढे वाटत नाही.

मग ती म्हणाली, आता तुम्ही सगळे थोडा वेळ बाहेर बसा, सानवीशी आम्हाला एकटीशी बोलायचंय. तिच्याबरोबर दुसरी एक बाई आली होती, डोक्यावर ओढणी, गळ्यात ओळखपत्र. नाव नाझनीन मॅडम. मीरा रोडचीच. ती मनाचं बघते, असं समजलं.

मी उठलो नाही. "आमचे घरान कोन येडा न्हाय," मी म्हटलं.

डॉक्टरीण म्हणाली, "कोणीच वेडं नाहीये आजोबा. पोट दुखतं, छाती भरून येते म्हणून जी मुलं इथे येतात, त्यातल्या काहींचं दुखणं मनातून आलेलं असतं. दुखणं खरंच असतं, नाटक नसतं. फक्त ते चित्रात दिसत नाही. म्हणून आता मोठ्या मुलांना इथेच, इमर्जन्सीतच, थोडे प्रश्न विचारतो. हे काम नवीन आहे, बऱ्याच ठिकाणी चाललंय. आम्हीही त्याचा अभ्यास करतोय."

"म्हंजे अजून तुमालाच ठाव न्हाय."

"पूर्ण नाही," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर मला पुढे भांडता आलं असतं. प्रशांत, जो माझ्यासमोर कधी मोठ्याने बोलत नाही, तो म्हणाला, "बाबा, बाहेर चला." मोठ्याने नाहीच बोलला. पण मी बाहेर गेलो.

बाहेर सिस्टरने प्रशांतला विचारलं, तुमच्या पोरीच्या पोटाची चित्रं अभ्यासाला ठेवू का, नाव काढून टाकू, कम्प्युटरला मुलांची चित्रं वाचायला शिकवतोय. त्याने हो म्हटलं. मला हे पटलं नाही. पण माझ्या मनात हेही आलं की माझा पोरगा बोटीवर ते मशीन बघायला शिकला तेव्हा मीच शेजारी बसून सांगायचो, हा खडक, हा थवा, ही नुसती फसवणूक. कम्प्युटरलाही बोटीसारखा वाट दाखवणारा कोणीतरी तांडेल लागत असेल. तो तांडेल चुकला तर काय करतात, ते विचारायचं राहिलं.

बऱ्याच वेळाने सानवी बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा सैल. मी विचारलं, "काय बोलली त्या बाईशी?"

"असंच," म्हणाली.

रिक्षात मी परत विचारलं. नयना म्हणाली, "बा, विचारू नको." म्हणजे माझी नात माझ्या रक्ताची, आणि तिच्या मनातलं त्या ओढणीवालीला ठाऊक, मला नाही. तांडेल आपली मासळीची जागा कोणाला सांगत नाही. मी सख्ख्या भावाला सांगितली नव्हती. पण घरच्यापासून लपवून परक्याला सांगणारा तांडेल मी बघितलेला नाही. हे गणित मला त्या दिवशीही सुटलं नाही आणि आजही सुटलेलं नाही.

केबिन रोड

सानवीला काही दिवस शाळेतून सुट्टी दिली होती, आणि तिच्याजवळ कोणी हवं म्हणून मी रीत मोडून राहिलो. मी ठरवलं, नारळ आणायचा, पोरीवरून उतरवायचा, आणि तिला फ्रॉक घ्यायचा. केबिन रोडला माझ्या ओळखीचा नारळवाला आहे, म्हणून तिला रिक्षात घालून भाईंदरला आणलं.

केबिन रोडला चालायचं म्हणजे बोटीवर चालण्यासारखं, पाय कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं. एका बाजूला भाजी, एका बाजूला चपला, मधून स्कूटर. फ्रॉकवाल्याने "अंकल, लास्ट पीस है" म्हणून तोच फ्रॉक मला तीन रंगांत दाखवला. सानवीने पिवळा निवडला. मग तिला आवडते म्हणून शेवपुरी घेतली. तिने एक पुरी उचलली, तोंडापर्यंत नेली आणि थांबली.

"आजा, त्याला तिखट चालेल?"

"कोनाला?"

"आतल्याला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

"तू म्हणालास ना, जिवंत आहे. मी काल रात्रीपासून कमी खाल्लंय. खाल्लं की तो मोठा होईल." ती अगदी शांतपणे सांगत होती, जसं कोणी घरच्या मांजराबद्दल सांगावं. "आणि नाही खाल्लं तर तो मला खाईल. मग काय करायचं?"

शेवपुरीवाला आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तसं काय नसतं गं." ती म्हणाली, "पण तू बघितलंस. तू म्हणालास, मी बघितलं ते बघितलं."

नारळ घ्यायचा तसाच राहिला. तिची शेवपुरी मीच संपवली. पोरीला आधी जे काही होतं ते तिचं होतं. हे मात्र मी दिलेलं होतं, आणि मला ते परत काढून घेता येत नव्हतं. माझ्या शब्दाला किंमत आहे म्हणून मी आयुष्यभर छाती पुढे काढून फिरलो. तीच किंमत आता पोरीच्या घशात अडकली होती.

पुन्हा हॉस्पिटलात

नयनाला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं. ती म्हणाली, "हे तू मॅडमना सांग. तूच सांग."

नाझनीन मॅडमच्या खोलीत खुर्च्या लहान, मुलांच्या. मी उभा राहिलो. माझ्या हिंदीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आप मानते हैं कि अंदर कुछ है?"

मी म्हटलं, "मैने देखा."

"ठीक है. तो फिर देखते हैं."

तिने त्या डॉक्टरणीला बोलावलं. दोघी कुजबुजल्या. मग डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, सदरा काढा आणि झोपा."

"मी? मना काय झालंय?"

"काही नाही. तुमची नात बघणार आहे."

नातीसमोर, दोन परक्या बायकांसमोर, भिंतीवरच्या दातवाल्या पापलेटाखाली मी उघडा पडलो. नयनाने तोंड पदरात धरलं होतं, हसत होती की रडत होती ते सांगता येणार नाही. गार पाणी पोटावर पडलं तेव्हा माझ्या तोंडातून शिवी गेली. सानवी हसली. डॉक्टरणीने यंत्र तिच्या हातात दिलं, वर स्वतःचा हात ठेवला.

पडद्यावर काळं. कडेला पांढरे ठिपके. सरकले. थांबले. परत सरकले.

"आजा! तुझ्यात पण आहे!"

"सकाळी काय खाल्लं आजोबा?" डॉक्टरणीने विचारलं.

"थेपले."

"मग हे थेपले पुढे ढकलतंय ते. आतडं. सगळ्यांत असतं, माझ्यातही आहे. न हलणारं आतडं असलं तर मला काळजी वाटली असती."

सानवीने बराच वेळ यंत्र फिरवलं. मला नांगरासारखं जड लागत होतं, पण मी हललो नाही. मग तिने विचारलं, "म्हणजे आजा चुकला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पडल्या पडल्या विचारलं, "बाय, हलत होतं हे तर खरं ना?"

"खरं."

"मग मी हलतंय म्हटलं ते बरोबर. जितं हाय म्हटलं, ते..." पुढे जीभ अडकली. "ते मना नीट वाचता आलं न्हाय." मग लगेच म्हटलं, "आता माझं चित्र पन ठेवा तुमच्या कम्प्युटरला."

"नाही आजोबा, फक्त मुलांची ठेवतो."

हा अपमान मी नातीसाठी गिळला.

बाहेर पडताना नाझनीन मॅडमने मला बाजूला घेतलं. "काका, मछली तो निकल गई. लेकिन जो पहले से था, वो अभी है. उसको फिर होगा. तब आप उसके पास बैठना. समझाना नहीं, डाँटना नहीं, पूछना नहीं. साँस धीरे लेना. वो आपको देखके लेगी."

"बस इतना?"

"यही मुश्किल है," ती म्हणाली.

परत सिल्व्हर पार्क

झालंच. दोघं कामावर गेली होती, आम्ही पत्ते खेळत होतो. उद्यापासून शाळा, असं ती आपणहून म्हणाली आणि पत्ते हातातून गळले. पोट धरलं. श्वास भात्यासारखा. बोटं वाकडी.

मी बोटीवर तांडेल. वादळात कोणी घाबरला तर मी अशी शिवी घालतो की त्याला वादळ बरं वाटतं. जीभ उचलली गेली होती. मी ती दातांत धरली. तिच्यासमोर फरशीवर बसलो. गुडघे वाजले. श्वास घेतला, हळू सोडला. परत घेतला. ती माझ्याकडे बघत नव्हती. मग बघायला लागली. मला वाटत होतं की मी काहीच करत नाहीये, पोर माझ्यासमोर बुडतेय आणि मी नाकाने हवा घेत बसलोय. खाली कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकला होता, तो वाजत होता. घेतला, सोडला. तिची बोटं एकेक करून उघडली. मग तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आजा, तू ओरडला नाहीस."

"मना सांगितलंय."

औषध नाही, भगत नाही, मशीन नाही. ते आलं कुठून आणि गेलं कुठे? मासळी नव्हती हे मी मान्य केलं. मग होतं काय? मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

निघताना

माझी पिशवी भरली. नयना आणि प्रशांत म्हणाले, बाबा, तिला न्यायचं की नाही ते तिलाच विचारा. नऊ वर्षांच्या पोराला विचारायचं ही तिकडची रीत. बरं, विचारलं.

"येतेस चिंबोरे? दर्यावर जाऊ. आज्याची बोट हाय."

तिला यायचं होतं, ते डोळ्यांत दिसलं. पण म्हणाली, "आत्ता नको आजा. मला मंगळवारी मॅडमकडे जायचंय. एक गोष्ट सांगायची अर्धी राहिलीये."

"ऱ्हायलेली मला सांग."

तिने विचार केला. खरंच विचार केला. "तुला नाही सांगता येणार."

"का गं?"

"तू लगेच कोणाला तरी मारायला जाशील."

मी चप्पल घालायला लागलो होतो. कोणाला, ते न विचारताच. नयनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बा, आम्ही शाळेत जाऊन आलोय. आम्हाला माहितीये. बघतोय आम्ही." मी चप्पल घातली, पण बसस्टॉपकडे जायला. पोर खिडकीतून हात हलवत होती, पिवळा फ्रॉक घालून. मी एकटा निघालो.

बंदरावर

पोचलो तेव्हा बोटी लागत होत्या. सगळ्यांनी विचारलं, नात कुठं? मी म्हटलं, तिकडंच. काय झालं होतं? मना ठाव न्हाय. बरी हाय? होतेय. कोन बरं करतंय? एक बाय हाय. काय औषध देते? बोलते. लोकांना हसू फुटलं. कोणी म्हणालं, "तांडेल नात आणायला गेला आन् हात हलवत आला." भगतानेही तोंड फिरवलं. चार लोकांत "ठाव न्हाय" हे शब्द माझ्या तोंडून कोणी आजवर ऐकले नव्हते. त्या संध्याकाळी मी ते इतक्या वेळा म्हटले की शेवटी जीभ सरावली.

घराकडे निघालो तर काशिनाथ मागून आला. त्याची बोट माझ्या बाजूला लागते आणि हसणाऱ्यांत तोच पुढे होता. त्याचा मधला पोरगा वर्ष झालं, बोटीवर पाय ठेवत नाही. बोटीजवळ आला की घामाने भिजतो, हात थरथरतात. सगळे त्याला आळशी म्हणतात. मीही म्हणायचो.

काशिनाथ वाळूकडे बघत चालत होता. मग हळूच म्हणाला, "ती बाय मोठ्या मानसांना बघते काय?"

"मना ठाव न्हाय. विचारू."

"कुठं हाय ते?"

मी सांगितलं. भाईंदरला उतरायचं, तिथून मीरा रोडची बस, सिल्व्हर पार्कला उतरून हाटकेशची रिक्षा. भिंतीवर मासे काढलेत, ते बघून हसायचं नाही. कुठल्या फाटकावर फोटो काढला तर काढू द्यायचा. मागून आलेला आधी आत गेला तर भांडायचं नाही. "आन् पोराला आत नेतील, तेव्हा तू भाईर बसायचा. काय बोलला ते विचारायचा न्हाय. रस्त्यात न्हाय, घरी न्हाय. गप ऱ्हायचा. जमल तुला?"

काशिनाथ काही बोलला नाही. आम्ही त्याच्या दारापर्यंत आलो तरी बोलला नाही.

मी म्हटलं, "जमतंय की."